क्रूझ बंद पडला म्हणजे रडारच गेलं, असं कशावरून?

ज्यांना इअरफोन घालून पूर्ण एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या वेळचा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघात आकडे निसटून जातात, ते इथे सावकाश वाचता येतील.

आजचा विषय आहे गाडीतला अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, आणि तो रुसला की बिघाड शोधायचा कसा. तुमच्या नावावर गाडी नसेलही. पण काकांनी नवी गाडी घेतली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला, की फोन कोणाला येतो? आपल्यालाच. "तुझं कॉम्प्युटरचं शिक्षण ना, बघ जरा ही काय म्हणतेय." त्या फोनची तयारी आज करून ठेवू.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. अडॅप्टिव्ह क्रूझ हा इमारतीचा सगळ्यात वरचा मजला आहे. खाली कुठेही तडा गेला तरी पहिली ओरड वरून येते. त्यामुळे दिवा क्रूझचा लागला म्हणून खराब झालेला पार्ट क्रूझचाच असेल असं नाही. हे लक्षात न घेता थेट रडार बदललं, तर खिसा रिकामा होतो आणि दिवा तसाच राहतो.

आधी हे चालतं कसं ते बघू

साधा क्रूझ कंट्रोल फक्त वेग धरून ठेवतो. ९० वर लावला की पुढे ट्रक असो नाहीतर ट्रॅक्टर, तो ९० च धरणार. अडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या गाडीवर नजर ठेवतो आणि तिच्यापासून अंतर राखतो. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये 'डिस्ट्रॉनिक' नावानं रडारवाला क्रूझ आला, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आपल्याकडे २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली, २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आली, आणि ही गोष्ट सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसायला लागली.

याचे डोळे दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे रडार. ते पुढच्या जाळीमागे, कंपनीच्या लोगोमागे किंवा बंपरच्या आत बसवलेलं असतं. दुसरा म्हणजे कॅमेरा. तो समोरच्या काचेला आतून, आरशाजवळ असतो. बऱ्याच गाड्यांत दोन्ही असतात. होंडा सिटी हायब्रिडसारख्या काही गाड्यांत नुसत्या कॅमेऱ्यावर काम चालतं.

पण डोळ्यांनी बघून भागत नाही. आपली गाडी किती वेगात आहे हे चारही चाकांजवळचे सेन्सर सांगतात. रस्ता वळतोय का, हे स्टिअरिंगच्या कोनावरून आणि गाडीच्या वळण्यावरून कळतं. वेग वाढवायचा तर इंजिनच्या कॉम्प्युटरला निरोप द्यावा लागतो, आणि ब्रेक मारायचा तर एबीएसच्या कॉम्प्युटरला. हे सगळे कॅन नावाच्या नेटवर्कवर एकमेकांशी बोलत असतात. एक जरी गप्प झाला, किंवा त्याचं बोलणं बाकीच्यांना पटेनासं झालं, की क्रूझ हात वर करतो: मी नाही चालवणार, तूच चालव.

आणि त्यानं असंच वागायला हवं. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तेवढ्या वेगात अर्धवट माहितीवर ब्रेक मारणाऱ्या यंत्रापेक्षा सरळ नकार देणारं यंत्र बरं.

आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. पेमेंटचं पेज उघडत नसेल तर आपण लगेच ते पेज नव्यानं लिहायला बसत नाही. खाली डेटाबेस जिवंत आहे का, नेटवर्क आहे का, ते आधी बघतो. गाडीतही तोच क्रम.

पायरी १: हा बिघाड आहे की नकार?

पहिला प्रश्न असा: गाडी नेमकं काय म्हणाली? "क्रूझ चालत नाही" हे वर्णन झालं नाही. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, बटण दाबलं तरी क्रूझ लागत नाही, पण कुठलाही इशारा नाही. अशा वेळी बहुतेक एखादी अट पूर्ण झालेली नसते. सीटबेल्ट लावलेला नाही, दरवाजा नीट लागलेला नाही, गिअर चुकीचा आहे, वेग किमान मर्यादेच्या खाली आहे, किंवा कोणीतरी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून ते बंद करून ठेवलंय. यादी प्रत्येक गाडीची वेगळी. ती मॅन्युअलमध्ये असते, आणि मॅन्युअलची पीडीएफ फोनमध्ये ठेवायला पैसे पडत नाहीत.

दोन, "तात्पुरतं उपलब्ध नाही" किंवा "सेन्सर झाकला गेला आहे" असा मेसेज. म्हणजे डोळ्यावर काहीतरी आलंय. लोणावळ्याचं धुकं, मुसळधार पाऊस, पुढच्या ट्रकनं उडवलेला चिखल. धुक्यात रडारला बऱ्यापैकी दिसतं, पण कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि दोघं मिळून काम करणाऱ्या गाडीत एकानं मान टाकली की क्रूझ बंद होतो. गंमत म्हणजे काही गाड्यांत अगदी रिकाम्या, मोकळ्या रस्त्यावरही हा मेसेज येतो. बराच वेळ रडारला परत आलेला सिग्नलच मिळत नाही, मग त्याला वाटतं आपल्या डोळ्यावर पट्टी आहे. थोड्या वेळानं आपोआप सुरू झालं तर गाडी ठीक आहे.

तीन, "सिस्टिम तपासा" किंवा "सर्व्हिस करून घ्या" असा मेसेज, जो गाडी बंद करून पुन्हा चालू केली तरी येतो. हा खरा बिघाड. पुढच्या पायऱ्या मुख्यतः याच्यासाठी.

याशिवाय काही गोष्टी बिघाड वाटतात पण नसतात. रस्त्यात आधीपासून उभ्या असलेल्या वाहनाकडे बऱ्याच सिस्टिम दुर्लक्ष करतात किंवा त्याला उशिरा ओळखतात. कारण रडारला खांब, फलक, पुलाचे कठडे असं हजार गोष्टींचं प्रतिबिंब येतं, आणि प्रत्येकाला ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. लेनच्या कडेनं जाणारी बाईकही सुटू शकते. वळणावर पुढची गाडी नजरेआड झाली की आपली गाडी लावलेला वेग गाठायला निघते. म्हणून घाटात क्रूझ बंदच ठेवा. हे त्याचे अंगभूत दुबळेपण आहे आणि कुठलाही मेकॅनिक ते दुरुस्त करू शकणार नाही.

पायरी २: फडकं घ्या

रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतं. त्याच्या लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. म्हणून त्याच्यासमोरचा पाण्याचा पातळ थर किंवा वाळलेला चिखलही त्याला त्रास देतो. मऊ ओलं फडकं घेऊन रडारचा भाग आणि कॅमेऱ्यासमोरची काच पुसा.

मग समोर काय लटकतंय ते बघा. दसऱ्याला जाळीला बांधलेला झेंडूचा हार, बंपरखालची लिंबू-मिरची, नंबरप्लेटची जाड फ्रेम, बाहेरून बसवलेला क्रॅश गार्ड. श्रद्धा आपल्या जागी ठेवा, पण हार थोडा बाजूला सरकवा. ओली पानंफुलं म्हणजे रडारच्या दृष्टीनं पाण्याची पिशवीच. काचेवर फास्टॅग कुठे चिकटवलाय तेही बघा. तो आरशाजवळ लावतात आणि कॅमेराही तिथेच असतो. फास्टॅग कॅमेऱ्याच्या नजरेत येता कामा नये.

डेंटिंग-पेंटिंग झालेल्या बंपरची गोष्ट वेगळी. बाहेरून नवाकोरा दिसतो, पण आत लांबी भरलेली असते आणि वर रंगाचे जादा थर असतात. लहर ४ मिलिमीटरची असताना मिलिमीटरभर जादा जाडीनंही फरक पडतो, आणि मेटॅलिक रंगात तर धातूचे कण असतात. रडारसमोरचा भाग दुरुस्त करायचा की बदलायचा, हे कंपनीच्या सूचनेप्रमाणेच ठरवायला हवं.

पायरी ३: सोबत कोण कोण आहे?

समजा काकांचा फोन आला. नाशिकहून येताना क्रूझ बंद पडला. सर्व्हिस सेंटरमध्ये कोणीतरी वरवर बघून "रडार बदलावं लागेल" म्हणाला. तुमचा पहिला प्रश्न असा हवा: "काका, अजून कुठले दिवे लागले होते?"

काका आठवून सांगतात, एबीएसचा पिवळा दिवा आणि घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला ट्रॅक्शनचा दिवा. झालं, संशयित बदलला. या तिघांना मिळून एकच गोष्ट लागते, ती म्हणजे चाकाचा वेग. एखाद्या चाकाजवळच्या सेन्सरची वायर तुटली, त्यावर गंज किंवा चिखल बसला, की एबीएस म्हणतो मला वेग कळत नाही, ट्रॅक्शन म्हणतो मलाही नाही, आणि क्रूझ म्हणतो मग मी काय करू. रडार बिचारं ठणठणीत. एकाच चाकाला वेगळ्या मापाचा टायर किंवा छोटी स्टेपनी लावली तरी चाकांचे वेग एकमेकांशी जुळत नाहीत.

अशा जोड्या लक्षात ठेवा.

क्रूझ लागत नाही आणि ब्रेक लाइट विचित्र वागतात: ब्रेक पेडलचा स्विच. त्यात बहुतेक वेळा दोन संपर्क असतात. पेडल दाबलं की एक जुळतो, दुसरा सुटतो, आणि कॉम्प्युटर दोन्ही उत्तरं ताडून बघतो. ती जुळली नाहीत तर पायाखाली ब्रेक आहे की नाही याचीच खात्री नाही, मग क्रूझला परवानगी मिळत नाही. छोटासा पार्ट, पण मोठमोठ्या बिघाडाचं सोंग घेतो. घरी तपासायचं तर पेडल हलकं दाबा आणि मागे कोणाला तरी लाइट बघायला सांगा. लाइट नीट लागले तरी दुसरा संपर्क खराब असू शकतो, तो स्कॅनरवरच कळतो.

एकदम पाच-सहा दिवे, तेही गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर: बॅटरी. स्टार्टरनं जोर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि अर्धे कॉम्प्युटर क्षणभर बेशुद्ध पडतात. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. आधी बॅटरी, मग बाकी सगळं.

पावसाळ्यात अचानक, कुठलंही काम केलेलं नसताना: बोनेट उघडा आणि उंदरांचा माग काढा. उबेला आलेले उंदीर वायर कुरतडतात हे आपल्याकडे नवीन नाही.

अलाइनमेंट करून आणल्यावर दुसऱ्याच दिवशी: स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर. सरळ म्हणजे नेमकं कुठे, हे त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

पायरी ४: कोड वाचा, पुसू नका

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ डोंगल त्यात घालून फोनवर कोड वाचता येतात. पण अशी डोंगल आणि त्यांची फुकट ॲप्स मुख्यतः इंजिनचे कोड वाचतात. एबीएस, रडार, कॅमेरा यांच्यापर्यंत ती बहुतेक पोचत नाहीत. "ॲपमध्ये काहीच एरर नाही" याचा अर्थ "गाडीत एरर नाही" असा घेऊ नका. इथे कंपनीचा किंवा त्या तोडीचा स्कॅनर लागतो, आणि त्यावर सगळ्या कॉम्प्युटरचं स्कॅन करून घ्यायचं असतं, एकट्या क्रूझचं नाही.

कोडचं पहिलं अक्षर मोहल्ला सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग-चाकं, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे नेटवर्क. काही कोड सगळ्या कंपन्यांत सारखे असतात. पी ०५०४ म्हणजे ब्रेक स्विचची दोन उत्तरं जुळत नाहीत. सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेग सेन्सरचं सर्किट. यू ०१२१ म्हणजे एबीएसच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलं. यू ०२३५ म्हणजे क्रूझच्या पुढच्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरशी बोलणं तुटलं.

शेवटचा कोड नीट वाचा. "बोलणं तुटलं" म्हणजे "सेन्सर मेला" नव्हे. मित्र फोन उचलत नाही, म्हणजे तो गेला असं आपण म्हणतो का? रेंज नसेल, चार्जिंग संपलं असेल. रडारच्या बाबतीत आधी त्याला वीज मिळतेय का, अर्थिंग पक्कं आहे का, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, आणि कॅनच्या दोन वायरी शाबूत आहेत का, हे बघायचं. साधारण कॅन लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून गाडी पूर्ण बंद करून, बॅटरी सोडवून त्या लाइनवर मीटर लावला तर ६० ओहमच्या आसपास दिसायला हवं. १२० दिसलं तर कुठेतरी वायर तुटलीय. शून्याजवळ दिसलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. हे मोजणं जाणकारावर सोपवा, पण "मोजलंत का?" एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काकांच्या गाडीत समजा सी ००३५ निघाला, आणि क्रूझच्या खात्यात फक्त "एबीएसकडून चुकीची माहिती" असं होतं. मूळ दुखणं चाकाजवळ आहे, क्रूझचा कोड म्हणजे त्याचा पडसाद. वायर दुरुस्त करा, दोन्ही आपोआप शांत होतील.

आणि कोड आधी पुसून टाकू नका. कोडसोबत बऱ्याचदा त्या क्षणाची नोंदही असते: वेग किती होता, व्होल्टेज किती होतं. पुसलं की पुरावा गेला. स्कॅनर स्क्रीनचा फोटो काढा, मग पुसा, मग गाडी चालवून कुठला कोड परत येतो ते बघा.

पायरी ५: दिवा नाही, पण वागणं विचित्र

सगळ्यात धोकादायक प्रकार हा. डॅशबोर्ड शांत आहे, पण गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक मारते, किंवा आपल्याच लेनमधली गाडी तिला उशिरा दिसते. इथे रडार किंवा कॅमेऱ्याचं तोंड वाकडं झाल्याचा संशय घ्यावा.

गणित करून बघा. रडार फक्त १ अंशानं फिरलं, तर १०० मीटरवर त्याची नजर १.७५ मीटर बाजूला जाते. आपल्या हायवेची लेन साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे १ अंशात अर्धी लेन! पार्किंगमध्ये बंपरला बसलेला हलका धक्काही ब्रॅकेटला तेवढं वाकवू शकतो. काही रडार थोडा तिरकेपणा चालता चालता स्वतः सुधारून घेतात आणि मर्यादा ओलांडली की कोड टाकतात. पण त्या मर्यादेवर विसंबून राहू नये.

म्हणून बंपर काढला, काच बदलली, सस्पेन्शनचं काम झालं, की कॅलिब्रेशन विचारायचंच. काही गाड्यांत ते सपाट जमिनीवर ठरावीक अंतरावर फलक ठेवून करतात, काहींत ठरावीक वेगानं स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर गाडी चालवून. क्रमही महत्त्वाचा: आधी टायरमधली हवा, मग चाकांचं अलाइनमेंट, मग रडार-कॅमेरा. चाकंच वाकडी असतील तर वाकड्या दिशेलाच सरळ मानून बसाल. आणि डिकीत गावाला न्यायचं अर्धं घर भरलेलं नको. मागून गाडी बसली की नाक वर जातं आणि नजरही आकाशाकडे.

बग रिपोर्ट घेऊन जा

"क्रूझ चालत नाही, बघा" असं सांगून गाडी देणं म्हणजे "ॲप चालत नाही" असं तिकीट टाकणं. फोनमध्ये हे लिहून न्या: मेसेजचा फोटो, सोबत लागलेले दिवे, वेग, हवामान, रस्ता कसा होता, किती वेळात आपोआप ठीक झालं, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांत गाडीवर झालेलं प्रत्येक काम. टायर, बॅटरी, काच, बंपर, अलाइनमेंट, सगळं. बऱ्याचदा उत्तर या शेवटच्या यादीतच असतं.

तिथे तीन गोष्टी मागा. कामाआधीचा पूर्ण स्कॅन रिपोर्ट, कामानंतरचा रिपोर्ट, आणि रडार बदला म्हणत असतील तर "वीज, अर्थिंग आणि वायरिंग तपासलं का?" याचं उत्तर. भांडायची गरज नाही. नीट विचारलं की समोरचाही नीट तपासतो.

आता कोणी म्हणेल, क्रूझच बंद आहे ना, राहू दे, पायानं चालवू. पायानं चालवा, जरूर. पण तेच रडार आणि तोच कॅमेरा बहुतेक गाड्यांत आणीबाणीचा ब्रेकही सांभाळतात. क्रूझ गेला तेव्हा तोही गेला असू शकतो, आणि घरातल्यांना वाटत राहतं की गाडी वेळेला स्वतः थांबेल. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा: ही आता साधी गाडी आहे, अंतर तुम्हीच राखायचं.

आणि एक हात जोडून विनंती. क्रूझ दुरुस्त झाला का हे बघायला उभ्या गाडीच्या अंगावर गाडी नेऊ नका. ती उभ्या गाडीला ओळखेलच असं नाही, हे वर बोललोच. चाचणी मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, चालत्या गाडीच्या मागे, सगळ्यात मोठं अंतर लावून आणि पाय ब्रेकजवळ ठेवून करायची. स्कॅनर किंवा फोन बघायचा असेल तर तो शेजारच्या सीटवरच्यानं बघायचा.

तर पुढच्या वेळी काकांचा फोन आला की घाबरून जाऊ नका. पहिला प्रश्न, "मेसेज नेमका काय आला?" दुसरा, "सोबत कुठले दिवे?" तिसरा, "अलीकडे गाडीवर काय काम केलंत?" या तीन उत्तरांत बऱ्याचदा बिघाडाचा पत्ता मिळतो, आणि कधीकधी त्याला फक्त एक ओलं फडकं लागतं.

आजच्यासाठी एवढंच. ज्यांच्या घरात अशी गाडी आहे त्यांना हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत सांभाळून चालवा!